खालचीची गोष्ट मी वाचली

४ ऑक्टोबर, बुधवार

ग्रंथपालांनी आज माझ्यासमोर एक खोकं आणून ठेवलं. "बाई, पुढचे काही महिने हे वाचायचं. विज्ञानकथा आहेत."

मी तोंड वाकडं केलं. त्यांना दिसत नाही म्हणूनच केलं, पण त्यांना कळलंच. "तोंड वाकडं केलं की तुमचा श्वास नाकातून येतो," म्हणाले.

आमचं हे अंधांसाठीचं बोलकं ग्रंथालय. ग्रंथपाल जन्मापासून आंधळे, आणि मी इथली वाचणारी बाई. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या एका खोलीत माईकसमोर बसून मी पुस्तकं वाचते, आणि ती ज्यांना हवी त्यांच्या फोनवर जातात. त्याआधी बारा वर्षं बस स्टँडवर होते. अजूनही तिथे माझाच आवाज लावतात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." म्हणजे अख्ख्या गावाला मी माहीत आहे, फक्त चेहऱ्याने नाही.

विज्ञानकथा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर यान, हिरवा राक्षस आणि त्याला मारणारा गोरागोमटा कॅप्टन येतो. ग्रंथपाल म्हणाले, "ही तसली नाहीत. ही माणसं कुठल्याच प्रकाशकाच्या दारात उभी राहत नाहीत. स्वतःच लिहितात, झेरॉक्स काढतात, स्टेपल मारतात आणि हातोहात वाटतात. मला एका वाचकाने गोळा करून दिली."

खोकं घरी आणलंय. पुस्तिकांना दमट वास येतो.

७ ऑक्टोबर, शनिवार

तीन दिवस दुसरं काही सुचलेलं नाही. भात दोनदा करपला.

एक गोष्ट मागावर कापड विणणाऱ्या बहिऱ्या माणसाने लिहिलीय. तिच्यातल्या ग्रहावर हवाच नाही, म्हणून कुणालाच ऐकू येत नाही. तिथे पृथ्वीवरून एक ऐकणारा माणूस येतो आणि सगळे त्याची कीव करतात. मी हसले आणि परत पहिल्यापासून वाचली. दुसरी निर्वासितांच्या छावणीत वाढलेल्या बाईची. तिच्यात एक रांग आहे, आणि रांगेतला काळ बाहेरच्या काळापेक्षा हळू चालतो. पुढे पोचेपर्यंत ज्या देशात जायचं तो देशच उरत नाही.

आणि तिसरी. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नुसतं 'खालची'.

एक मोठं यान शेकडो वर्षांच्या प्रवासाला निघालंय. वरच्या मजल्यांवर बागा, शाळा, मैफली. तळाला नळ आणि गटारं, आणि त्यांत उतरून ती वाहती ठेवणारी माणसं. एक दिवस नळात गुदमरून त्यांच्यातला एक जण मरतो. वर कुणाला पत्ता नाही. तेव्हा खालची माणसं काही फोडत नाहीत, तोडत नाहीत. नुसती हातावर हात ठेवून उभी राहतात. वरच्या बागांमध्ये घाण चढू लागते. कॅप्टन निरोपावर निरोप पाठवतो, बढती देऊ, जेवण वाढवू. उत्तर एकच येतं, "खाली या आणि नाव विचारा." शेवटी कॅप्टन नाकाला रुमाल लावून शिडी उतरतो, रुमाल खिशात ठेवतो आणि विचारतो, "त्याचं नाव काय होतं?"

सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांची नजर आता जवळजवळ गेलीच आहे, पण कान असे की शेजारच्या घरात चमचा पडला तर स्टीलचा की पितळेचा ते सांगतील. सगळं ऐकून म्हणाल्या, "हिने हे आत उतरून लिहिलंय गं. बाहेर बसून नाही." मग आतल्या खोलीकडे वळून, "ऐकलंस का रे?"

आत हे पेपर वाचत होते. हे ड्रेनेज विभागात इंजिनिअर आहेत. हसून म्हणाले, "आई, यानातली गटारं आमच्या खात्यात येत नाहीत."

१२ ऑक्टोबर, गुरुवार

खालची आज स्टुडिओत आली! दोन-तीन शब्दांचे उच्चार विचारायचे होते म्हणून ग्रंथपालांनी त्या वाचकामार्फत निरोप धाडला होता. मला वाटलं पत्र येईल. ती स्वतःच आली, कामावरून थेट, नारिंगी जाकिटात. खुर्चीवर बसेना. "खुर्चीला वास लागेल," म्हणाली. ग्रंथपाल म्हणाले, "मग तर बसाच. मला कळेल खुर्ची कुठे आहे ते." तेव्हा हसली आणि बसली.

माझ्याहून लहान असेल. हाताची कातडी सोललेली. गटार साफ करणाऱ्या टोळीत पंपावर असते. धाकटा भाऊ आत उतरायचा. तो चार वर्षांपूर्वी गेला.

"मग यानच का?" मी विचारलं. "सरळ इथलंच का नाही लिहिलंत?"

"इथलं लिहिलं तर लोक म्हणतात, बरोबर आहे, वाईट आहे, पण असंच असतं. यानात असंच असतं असं कुणी म्हणू शकत नाही. यान बांधायचं तर नळ कुठून न्यायचे ते कुणीतरी ठरवलेलं असणार ना?"

तिला खरं नाव विचारलं. सांगितलं, पण म्हणाली, "लिहू नका कुठे. खालचीच बरं. मीच ठेवलंय."

इथेही लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गोष्ट फोनवर गेली, आणि आमच्या वाचकांच्या बाहेरही गेली. डोळस माणसं एकमेकांना पाठवतायत. भाजीवाली म्हणाली, "काल फोनवर एक गोष्ट ऐकली, अगदी तुमच्यासारखा आवाज." मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी घरी आले. यांना सांगितलं. "छान," म्हणाले, "पण आपलं नाव नाही ना कुठे?" नाव नाही. आम्ही वाचणाऱ्याचं नाव देत नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

बाजारामागच्या गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेला एक माणूस वर आलाच नाही. त्याला काढायला गेलेला दुसरा वाचला, पण दवाखान्यात आहे. ती टोळी खालचीचीच.

हे दुपारीच घरी आले. कितीतरी वेळ हात धूत उभे होते. जेवले नाहीत. मी पाठीवर हात ठेवला तर दचकले. म्हणाले, "सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. उतरण्याआधी गॅस तपासला होता. कागद आहे तसा." मी म्हटलं, तुमचा काय दोष? यांचं मन फार हळवं. दुसरा असता तर साहेबांसारखा ऑफिसात बसून राहिला असता.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "कुणी तपासला रे?" त्यांनी विचारलं.

"आई, तू आत जा ना," हे ओरडले. आईवर ओरडताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

टोळ्यांनी काम थांबवलंय. घोषणा नाहीत, दगडफेक नाही. नगरपालिकेसमोर नुसते हातावर हात ठेवून उभे आहेत. पाठीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलंय, 'खाली या आणि नाव विचारा.'

ते वाचलं आणि मी रस्त्यातच थांबले. हे माझ्या तोंडचे शब्द आहेत. तिचे आहेत, पण गावाने ते माझ्या तोंडून ऐकलेत.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

रस्त्यांवर पाणी चढलंय. दुकानांत, शाळांत वास. लोक चिडलेत आणि राग कुणावर काढावा ते त्यांना आयतं सापडलंय. म्हणे गोष्ट म्हणजे गोष्ट नाहीच, तो कट आहे; कुणीतरी बाहेरून लिहून पाठवला आणि आपल्या माणसांना भडकवलं. पेपरात अधिकाऱ्यांचं निवेदन आलंय, 'लेखक व प्रसारक यांचा शोध घेत आहोत.' प्रसारक म्हणजे मी!

मेडिकलमध्ये सासूबाईंची औषधं घ्यायला गेले. "डोळ्यांत घालायचे थेंब द्या," एवढंच बोलले. बाजूचा माणूस वळला. "परत बोला," म्हणाला. मी पैसे पुढे केले. "बोला ना बाई! बस स्टँडवाल्या ना तुम्ही? तीच गोष्ट वाचलीत ना?" दुकानदार हातातली बाटली तशीच धरून उभा. मी थेंब न घेताच बाहेर पडले. कुणीतरी मागे येतंय असं घरापर्यंत वाटत राहिलं. वळून बघायचा धीर झाला नाही.

आता बाहेर बोलणं बंद. खुणा करते, चिठ्ठी दाखवते. आवाजावर पोट भरणारी बाई मुकी होऊन हिंडते!

एकच आधार आहे, हे. आता रोज गाडीने सोडतात, न्यायला येतात. "ती बाई तुझ्याकडे कधी येते तेवढं मला सांगत जा," म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी जवळपास राहीन. काही झालं तर?" एकोणीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्या कामाची इतकी चौकशी कधी केली नव्हती. संकटात माणूस कळतो म्हणतात ते काही खोटं नाही.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

खालचीला तिची दुसरी गोष्ट मला आणून द्यायची होती. ठरलं होतं शनिवारी, पण काल संध्याकाळी मी ग्रंथालयातून निघताना तिने फोन केला की शुक्रवारी येते. गडबडीत ग्रंथपालांना सांगायचं राहिलंच. सकाळी गाडीत यांना तेवढं म्हटलं. पोचल्यावर ग्रंथपालांना सांगणार, तर ते गोधडीच्या खोलीत एका वाचकाशी फोनवर होते.

आणि ती यायच्या वेळेलाच साध्या कपड्यातले दोघे आत आले. ओळखपत्रं दाखवली. एकाने ग्रंथपालांची कपाटं उघडली. त्यांतली ब्रेलची जाड पुस्तकं तो उलटीपालटी करत होता. ग्रंथपाल म्हणाले, "सरळ धरलंत तरी तुम्हाला कळायचं नाही." मला हसू आलं नाही. दुसरा माझ्यासमोर बसला.

"आज कोण येणार आहे?"

मी माईकची वायर गुंडाळायला लागले.

"आज येणार आहे ना ती?"

आज! शनिवार नाही, आज! खिडकीतून मला ती दिसली. रस्त्याच्या पलीकडे, काम बंद असूनही नारिंगी जाकिटात, खांद्यावर खराटा. दारातली पोलिसांची गाडी तिने पाहिली. पाऊल जराही न चुकवता ती तशीच पुढे चालत गेली. दारात उभ्या शिपायाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तसल्या जाकिटाकडे कोण बघतं?

ते गेल्यावर मी ग्रंथपालांवर तुटून पडले. कुणी सांगितलं यांना? तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

"मला ठाऊक नव्हतं, बाई," ते म्हणाले. "तुम्ही मला सांगितलंच नाहीत."

"काल मी तिच्याशी फोनवर बोलत होते तेव्हा तुम्ही ऐकलं असणार. तुमचे कान मला माहीत आहेत!"

त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "नीट आठवा. आणखी कुणाला सांगितलंत?"

मी पर्स उचलून निघाले. चोराच्या उलट्या बोंबा! खाली हे गाडीत बसले होते, नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी. "मला काळजी वाटली म्हणून लवकर आलो," म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

५ नोव्हेंबर, रविवार

यांनीच मार्ग काढला. "त्या ग्रंथालयात आता जाऊ नकोस. तिला आपल्याकडे बोलाव. सोमवारी, संध्याकाळी पाचला. घरात कोण येतंय बघायला? मीही थांबेन."

केवढं मोठं मन! स्वतःच्या खात्याविरुद्ध बोलणाऱ्या बाईला घरात घ्यायचं म्हणजे. खालचीला फोन केला. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "तुमचं घर म्हणताय तर येते."

पण सासूबाईंनी आकांत मांडला. "ती गटारातली बाई माझ्या घरात? माझ्या उंबऱ्याच्या आत? मी जिवंत असेपर्यंत नाही!" मी थक्क. याच बाईंनी त्या गोष्टीला डोळे पुसले होते! हे समजावत होते तर त्यांच्याकडे तोंडसुद्धा फिरवलं नाही. "मी तुझ्याशी बोलत नाहीये," म्हणाल्या. "मी सुनेशी बोलतेय."

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात. पण हे बालपण नव्हतं, विष होतं. मला फार वाईट वाटलं.

६ नोव्हेंबर, सोमवार

आज सासूबाईंनी कळस केला. हे ऑफिसला जाताच छातीत दुखतं म्हणून ओरडायला लागल्या. डॉक्टरकडे नेते म्हटलं तर नाही. "मला माझ्या लेकीकडे ने. आत्ताच्या आत्ता. मरायचं तर लेकीच्या घरी मरेन." रिक्षात बसवेपर्यंत हाताला अशा चिकटल्या की वळ उठले. नणंदेचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पोचल्यावर दुखणं कुठल्या कुठे! चहा मागितला, आणि वर बिस्किटं.

वन्संनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "आई काय म्हणतेय? दादाला तुम्ही इथे आलात ते कळवू नका म्हणते."

"नाटकं आहेत, वन्सं," मी म्हटलं. आणि लगेच आठवलं, पाच! खालचीला येऊ नका म्हणून कळवायलाच हवं होतं. घरी कुणी नसताना ती दारात उभी राहिली असती. फोन केला. मी 'येऊ नका' म्हटलं, तर तिने कारणही विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

यांना कळवायचं राहिलं. सासूबाई फोन मांडीखाली घेऊन बसल्या होत्या आणि देईनात.

७ नोव्हेंबर, मंगळवार

काल पाचला ते साध्या कपड्यातले दोघे आमच्या घरी आले होते!

शेजारणीने वन्संना फोन करून सांगितलं. हे दारात उभे होते आणि यांनीच त्यांना आत घेतलं. अर्धा तास आत होते. जाताना एक जण यांच्यावर ओरडत होता. बिचारे! एकट्याने किती सोसलं असेल. मी लगेच फोन करायला उठले. सासूबाई म्हणाल्या, "बस."

त्या आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. बसले.

"पाच वाजताची वेळ कुणाकुणाला ठाऊक होती?"

"तिला. मला. यांना. तुम्हाला."

"मग?"

"मग फोन ऐकत असतील आमचे," मी म्हटलं. "हल्ली सगळं ऐकता येतं."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणजे जिथून माझा आवाज येत होता तिकडे. मग तोंडाला पदर लावला. मला वाटलं पुन्हा छातीत कळ आली. विचारलं तर मान हलवली. "काही नाही गं. पोटचा पोर आहे," म्हणाल्या. कशावरून काय बोलतात!

आता बाहेर कुणी जिन्यात खाकरलं तरी मी आतल्या खोलीत जाते. वन्सं पडदे लावून बसतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज बरंच घडलं. सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी वन्संनी पेपर वाचून दाखवला. टोळ्या उद्यापासून कामावर जाणार. मृताच्या घरी नगराध्यक्ष स्वतः जाऊन आले, चौकशी समिती नेमलीय. गॅस तपासल्याच्या कागदावर सही आहे, पण त्या दिवशी तपासायचं यंत्र दुरुस्तीला दिलेलं होतं. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला समितीने बोलावलंय. नाव छापलेलं नाही. वन्सं वाचता वाचता थांबल्या. सासूबाई म्हणाल्या, "वाच. मला ठाऊक आहे." मी विचारलं, काय ठाऊक आहे? वन्संनी पेपरची घडी घातली.

मी म्हटलं, यांच्या खात्यातला कुणीतरी असणार. हे त्याला ओळखत असतील. तरीच इतके अस्वस्थ होते.

मग सासूबाईंनी मला जवळ बसवलं. "त्या मुलीला इथे बोलाव. दुसरी गोष्ट घेऊन. आणि हे तुझ्या-माझ्यात."

"पण तुम्हीच तर..."

"मी म्हातारी आहे. माझं काय मनावर घेतेस? बोलाव."

खालची दुपारी आली. जाकीट नव्हतं. उद्या कामावर गेली की तिला काढून टाकतील असं टोळीत सगळ्यांना वाटतंय. मावशीच्या गावी जाईन म्हणाली, गोष्ट तेवढी इथे ठेवून. सासूबाईंनी हात पुढे केला, तिने धरला. "मी तुला गटारातली म्हटलं," सासूबाई म्हणाल्या.

"ताईंनी फोन केला तेव्हाच मला काहीतरी कळलं," खालची म्हणाली. आणि माझ्याकडे असं काही बघितलं की जणू तिला मला काहीतरी सांगायचंय, पण ते तिने सांगायचं नाही.

मी ग्रंथपालांना फोन लावून माफी मागितली. कशासाठी ते मला अजून नीट सांगता आलं नाही. ते म्हणाले, "बाई, फोनवर रेकॉर्ड करा. गोधड्या नसल्या तर कपाट उघडून त्यात तोंड घालून वाचा. आवाज छान येतो." खरंच तसंच केलं. वन्संच्या साड्यांच्या कपाटात खुर्ची ओढून बसले.

पहिलं पान झालं आणि यांचा फोन आला. तीन दिवसांत पहिल्यांदाच मी उचलला. सासूबाईंनी अडवलं नाही.

"कशी आहेस?" आवाज बसलेला. मला भडभडून आलं. म्हटलं, बरी आहे, आईही बऱ्या आहेत. पेपर वाचलात का, त्या सहीवाल्याचं?

माझा प्रश्न त्यांना ऐकू गेला नसावा. मग, "तिथे कोण कोण आहे?"

"मी, आई, वन्सं."

"आणखी?"

कपाटाच्या दारातून खालची दिसत होती. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालत होती. एका हाताने त्यांची पापणी वर धरलेली. सासूबाई तोंड वर करून लहान मुलीसारख्या बसलेल्या.

"आणखी कोण आहे, सांग ना," हे म्हणाले. हळूच, लाडाने, जसं गाडीत विचारायचे.

"आणखी कुणी नाही," मी म्हटलं.

फोन ठेवला. एकोणीस वर्षांत यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही इतकं सहज, बस स्टँडवरच्या आवाजात. का बोलले ते मला कळत नाही. कळत नाही असं लिहिलं खरं, पण लिहिताना पेन दोनदा थांबलं.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुमची विचारपूस करत होते."

त्या माझं तोंड चाचपत राहिल्या. मग वन्संना दाराला आतून कडी घालायला सांगितली आणि मला म्हणाल्या, "वाच पुढे. ती बसली आहे तोवर सगळी वाचून घे."

मी कपाटात परत गेले. आवाज कापत होता. दुसरं पान पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.